चिप-सुरक्षेतली 'पुढची मोठी कंपनी' घेऊ का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दादरच्या आमच्या गुंतवणूक अभ्यासगटाकडे सध्या एकाच प्रकारच्या शेअरबद्दल सतत विचारणा होते. कंपनी छोटी, भाव दोन आकडी आणि चर्चा अशी की संगणकाच्या चिपमधल्या सुरक्षेचं, म्हणजे ट्रस्टेड कम्प्युटिंगचं, सगळं काम आता हिच्याकडेच येणार. प्रश्न गिरगावातून येतात, डोंबिवलीहून येतात, विरारहून येतात. कंपनीचं नाव दर वेळी वेगळं असतं, गोष्ट मात्र तीच. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सध्या बाजारात असलेल्या कुठल्याही छोट्या शेअरचं नाव इथे घेतलेलं नाही आणि 'घ्या' किंवा 'विका' असा सल्लाही दिलेला नाही. तो अधिकार सेबीकडे नोंदणी असलेल्यांचा आहे. तांत्रिक भाग ठाऊक असेल तर सरळ प्रश्न ३ पासून वाचा.

१. ट्रस्टेड कम्प्युटिंग म्हणजे नेमकं काय? अँटीव्हायरसचाच प्रकार ना?

नाही. अँटीव्हायरस हा संगणक सुरू झाल्यानंतर चालणारा प्रोग्रॅम. ट्रस्टेड कम्प्युटिंगचं काम त्याच्या बरंच आधी सुरू होतं. मदरबोर्डवर टीपीएम नावाची एक छोटी चिप असते, किंवा प्रोसेसरच्या आतच तेवढं काम करणारा भाग असतो. बटण दाबल्यापासून जो कोड चालतो, त्याचा प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखा एक आकडा, काढतो आणि तो चिपमधल्या रजिस्टरमध्ये जातो. त्या रजिस्टरमध्ये हवा तो आकडा लिहिता येत नाही. जुन्या आकड्यात नवा मिसळूनच पुढचा तयार होतो. डिस्क उघडायची चावी या आकड्यांना बांधलेली असते. ते जुळले तरच चिप ती सोडते. कोणी मधल्या मधे बूटलोडर (विंडोज सुरू करून देणारा प्रोग्रॅम) बदलला, तर आकडा बदलतो आणि लॅपटॉप रिकव्हरी की मागत बसतो.

तुमच्याकडे विंडोज लॅपटॉप असेल तर स्वतः बघा. विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबा, चौकट उघडली की त्यात 'टीपीएम डॉट एमएससी' असं इंग्रजीत टाइप करा. चिप चालू असेल तर खाली निर्मात्याच्या नावाचं लघुरूप आणि आवृत्ती दिसेल. ते नाव लक्षात ठेवा, प्रश्न ३ मध्ये लागेल.

२. हे खरंच वापरात आहे की नुसती हवा?

पूर्णपणे वापरात आहे. १९९९ मध्ये कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून या कामासाठी एक गट काढला. २००३ मध्ये त्याची जागा ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुपने घेतली. टीपीएमचं मानक पुढे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनेही स्वीकारलं. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेलं बिटलॉकर याच चिपचा आधार घेतं आणि २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० सक्तीचं केलं. बीकेसीतल्या बँकेत काम करणाऱ्या मुलाचा ऑफिसचा लॅपटॉप लोकलमध्ये राहिला तरी आतला डेटा सहसा सहीसलामत राहतो, त्यात या चिपचा मोठा वाटा असतो.

म्हणजे अशा शेअरबद्दल फिरणाऱ्या फॉरवर्डमधला पहिला अर्धा भाग, तंत्रज्ञानाचा, बहुतेक वेळा खरा असतो. म्हणूनच पुढच्या अर्ध्यावर विश्वास बसतो.

३. जगात एवढे लॅपटॉप विकले जातात. प्रत्येकामागे कंपनीला एक डॉलर मिळाला तरी केवढा पैसा! हे गणित चुकतं कुठे?

गुणाकार बरोबर आहे. तो एक डॉलर त्या कंपनीकडे का यावा, याचं उत्तर त्यात नाही.

प्रश्न १ मधल्या चौकटीत दिसलेलं निर्मात्याचं नाव आठवा. इंटेल, एएमडी, इन्फिनिऑन, एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स, नुव्होटॉन यांपैकीच कोणीतरी असण्याची शक्यता दाट आहे. वेगळी चिप असेल तर तिचे पैसे चिप बनवणाऱ्याला जातात. प्रोसेसरच्या आतलं फर्मवेअर टीपीएम असेल तर वेगळे पैसे जवळजवळ कोणालाच जात नाहीत, प्रोसेसरच्या किमतीत ते आलं. डिस्क एन्क्रिप्ट करायचं सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या प्रो आवृत्तीतच देतं. मानक खुलं आहे, ते वाचून कोणीही चिप किंवा सॉफ्टवेअर बनवू शकतं. २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने प्लुटॉन जाहीर केलं, म्हणजे सुरक्षेचा हा भाग थेट प्रोसेसरमध्येच बसवायचा. मोठ्या कंपन्यांची चाल त्याच दिशेने आहे.

मग छोट्या कंपनीला काय उरतं? हजारो लॅपटॉपांच्या चाव्या एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर, एखाद्या बँकेसाठी किंवा संरक्षण खात्यासाठी खास काम, चाचणी आणि प्रमाणपत्राची मदत. हे धंदे चांगले असू शकतात. पण त्यात ग्राहक एकेक करून मिळवावा लागतो. विकल्या गेलेल्या प्रत्येक लॅपटॉपमागे आपोआप टोल मिळत नाही. फॉरवर्डमध्ये 'प्रत्येक उपकरणामागे रॉयल्टी' असं लिहिलेलं दिसलं, तर एकच विचारा: ती देण्याचं बंधन कोणावर आहे आणि कुठल्या कराराने?

४. तुम्ही नेहमी वेव्ह सिस्टिम्सचं उदाहरण देता. त्या कंपनीचं झालं काय?

ही गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण आज मुंबईत फिरणाऱ्या बऱ्याच संदेशांचा साचा तिच्यात सापडतो.

वेव्ह सिस्टिम्स ही अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ली या छोट्या गावची कंपनी. स्थापना १९८८ ची, नॅसडॅक या अमेरिकी शेअर बाजारात १९९४ मध्ये आली. संस्थापक पीटर स्प्रेग हे नॅशनल सेमीकंडक्टरचे अध्यक्ष राहिलेले, म्हणजे चिपच्या धंद्यातलं वजनदार नाव. संगणकात स्वतःची सुरक्षित चिप बसवायची आणि तिच्यातून व्यवहार मोजायचे, अशी सुरुवातीची कल्पना होती. एम्बसी हे तिचं नाव. काळाच्या पुढचा विचार होता, यात शंका नाही. पुढे उद्योगाने टीपीएमचं सामाईक मानक ठरवलं आणि वेव्ह त्या चिपसाठी सॉफ्टवेअर बनवण्याकडे वळली.

२००३ च्या उन्हाळ्यात इंटेलबरोबरच्या कराराची बातमी आली आणि शेअर झपाट्याने वर गेला. त्याच वर्षाअखेर अमेरिकेच्या सेक या शेअर बाजार नियामकाने ऑगस्टमधली कंपनीची जाहीर विधानं आणि त्या काळातले शेअरचे व्यवहार यांची औपचारिक चौकशी सुरू केली. चौकशी झाली म्हणजे गुन्हा झाला, असा अर्थ कोणी काढू नये. आपल्या कामाचा मुद्दा साधा आहे: करार खरा होता, पण त्यातून किती पैसा कधी येणार हे बाजाराने स्वतःच ठरवून टाकलं.

नंतर डेलच्या व्यावसायिक लॅपटॉपांबरोबर वेव्हचं सॉफ्टवेअर जाऊ लागलं. समर्थक वर्षानुवर्षं ज्याची वाट पाहत होते ते घडलं. महसूलही आला. पण त्याचा मोठा हिस्सा एकाच ग्राहकाकडून, आणि खर्च त्याहून जास्त. तोटा भरायला कंपनी पुन्हा पुन्हा नवे शेअर विकत राहिली. भाव घसरला की शेअर किमान एक डॉलरचा असावा या नॅसडॅकच्या अटीचा प्रश्न उभा राहायचा. म्हणून २००६ मध्ये ३ शेअर मिळून १ झाला, २०१३ मध्ये ४ मिळून १. सुरुवातीला १,२०० शेअर घेऊन शांत बसलेल्या माणसाकडे १०० उरले. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. २०१६ ला कंपनी संपली आणि २०२१ ला टीपीएम विंडोज ११ ची अट बनलं. तंत्रज्ञान जिंकलं, शेअरधारक हरले.

५. मग त्या शेअरचे समर्थक वेडे होते का?

अजिबात नाही. तसं म्हणणाऱ्याने त्यांचा अभ्यास पाहिलेला नसतो. त्यांच्यातले अनेकजण मानकाची कागदपत्रं, पेटंटचे अर्ज, परिषदांमधली भाषणं बारकाईने वाचत. टीपीएम सर्वत्र पोहोचेल हा त्यांचा अंदाज अचूक निघाला. आपल्याकडेही असे लोक भेटतात. निवृत्त इंजिनिअर, बीएआरसीत आयुष्य घालवलेले काका, आयटीतली तरुण मुलं. तंत्रज्ञान त्यांना ब्रोकरपेक्षा दसपट जास्त कळतं.

अडचण दुसरीकडे येते. तंत्रज्ञानाचा अभ्यास जितका खोल, तितकी प्रत्येक बातमी त्याच दिशेचं पुढचं पाऊल वाटू लागते. मायक्रोसॉफ्टने सुरक्षेवर भाषण दिलं, म्हणजे आपली कंपनी आलीच. भाषणात तिचं नाव नव्हतं, म्हणजे गोपनीयतेचा करार असणार. नाव असलं तरी पुरावा आणि नसलं तरी पुरावा, असं होऊ लागलं की थांबा आणि स्वतःला विचारा: पुढच्या चार तिमाहींत काय घडलं नाही तर मी हा शेअर विकेन? उत्तर वहीत तारखेसह लिहा. ते लिहिता येत नसेल, तर तुमच्या हातात अंदाज नाही, नुसती श्रद्धा आहे. तिच्यावर ग्रॅच्युइटीचे पैसे लावू नका. हे मी कळकळीने सांगते, कारण आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत निवृत्तीच्या पैशांचा उल्लेख फार वेळा असतो.

६. कंपनी ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुपची सदस्य आहे. हे पुरेसं नाही का?

नाही. वार्षिक शुल्क भरून सदस्य होता येतं आणि सदस्यत्वाचे स्तर वेगवेगळे असतात. सदस्यत्वातून कामातला रस कळतो, ऑर्डर कळत नाही.

७. 'जागतिक कंपनीबरोबर भागीदारी' अशी बातमी आली की काय तपासायचं?

बातमी बाजूला ठेवा आणि मूळ कागद उघडा. बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाकलं की घोषणांचा विभाग येतो, त्यातली पीडीएफ शेवटपर्यंत वाचा. बहुतेकजण ठळक अक्षरातली पहिली ओळ वाचून थांबतात. खरी माहिती खालच्या तक्त्यात असते: समोरचा पक्ष कोण, देशी की परदेशी, रक्कम किती, मुदत किती, प्रमोटरचा त्या पक्षात हितसंबंध आहे का.

समजा पीडीएफमध्ये असं लिहिलंय: 'एका नामांकित आंतरराष्ट्रीय संस्थेशी सुरक्षित हार्डवेअरच्या क्षेत्रात सहकार्याच्या संधी शोधण्यासाठी बंधनकारक नसलेला सामंजस्य करार.' एकेक शब्द सोडवा. 'नामांकित', पण नाव नाही. 'संधी शोधण्यासाठी', म्हणजे काम अजून ठरलेलं नाही. 'बंधनकारक नसलेला', म्हणजे उद्या समोरच्याने फोन उचलला नाही तरी कोर्टात जाता येणार नाही. रकमेच्या रकान्यात 'लागू नाही'. या कागदावर भाव २० टक्के वर गेला असेल, तर तो वाढवला तुमच्या-आमच्या कल्पनेने.

याउलट खरेदी ऑर्डर असेल, रक्कम आणि पुरवठ्याची तारीख असेल, तर ती गेल्या वर्षीच्या विक्रीशी ताडून बघा. आणि पुढच्या दोन-तीन तिमाहींच्या निकालांत तो आकडा महसुलात उतरला का, येणे रकमेतच अडकून राहिला, हेही बघा. ताळेबंदात येणं फुगत चाललं आणि रोख प्रवाह उणे राहिला, तर ऑर्डरची बातमी पुन्हा एकदा वाचायला घ्या.

८. एवढी अफवा पसरली आहे. खोटी असती तर कंपनीने खुलासा केला नसता का?

हा समज फार पसरलेला आहे आणि छोट्या कंपन्यांच्या बाबतीत तो चुकीचा आहे. प्रसारमाध्यमांतल्या अफवेची पुष्टी करायची, ती नाकारायची किंवा खुलासा करायचा, ही सेबीची सक्ती बाजारमूल्यानुसार पहिल्या १०० नोंदणीकृत कंपन्यांना १ जून २०२४ पासून आणि पहिल्या २५० कंपन्यांना १ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली. तुमची छोटी कंपनी या यादीत नसते. तिचं मौन म्हणजे होकार नव्हे.

भाव फार हलला तर शेअर बाजार स्वतःहून कंपनीला विचारणा करतो. त्यावर 'भावातली हालचाल बाजारातल्या घडामोडींमुळे आहे, जाहीर करण्यासारखी कोणतीही माहिती आमच्याकडे नाही' असं छापील वाटणारं उत्तर येतं. ते वाचून लोक निराश होतात किंवा 'काहीतरी लपवताहेत' म्हणतात. माझं मत असं की ते शब्दशः घ्यावं. कंपनी लेखी सांगते आहे की काही नाही.

९. रोज अप्पर सर्किट लागतंय, माझी ऑर्डरच लागत नाही. मोठे लोक घेताहेत ना?

तसं ठामपणे म्हणता येत नाही. अप्पर सर्किट म्हणजे त्या दिवसाची भाववाढीची कमाल मर्यादा. प्रमोटरकडे मोठा हिस्सा, उरलेल्यातला बराचसा मोजक्या खात्यांत, म्हणजे बाजारात फिरणारे शेअर थोडे. अशा वेळी थोड्या खरेदीनेही सर्किट लागतं. दर तिमाहीला जाहीर होणारा भागधारणेचा तक्ता उघडा आणि म्युच्युअल फंडांच्या रकान्यात काय आहे ते पाहा. तिथे शून्य असेल, तर मोठे लोक कोण, याचं उत्तर फॉरवर्ड करणाऱ्याला विचारा.

शेअर एएसएम किंवा जीएसएम या देखरेखीच्या यादीत आहे का, तेही बाजाराच्या संकेतस्थळावर दिसतं. तिथे सर्किटची मर्यादा ५ टक्क्यांवर येऊ शकते आणि ट्रेड-टू-ट्रेड लागू झाल्यास त्याच दिवशी घेऊन विकता येत नाही. एसएमई, म्हणजे छोट्या-मध्यम कंपन्यांच्या, मंचावरचा शेअर असेल तर व्यवहार ठरावीक लॉटमध्येच होतो, दहा-वीस शेअर सुटे विकता येत नाहीत.

चढताना ऑर्डर लागत नाही तशी उतरतानाही लागत नाही. लोअर सर्किटमध्ये विकणाऱ्यांची रांग असते, घेणारा नसतो. स्टॉप लॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीला उतरला की विकायची आधीच दिलेली सूचना, लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. ५० ला लावलेला स्टॉप लॉस ४० पर्यंत अंमलात न येणं अशा शेअरमध्ये सहज घडतं.

१०. कंपनीने प्रमोटरला आणि काही गुंतवणूकदारांना वॉरंट दिले. विश्वासाचं लक्षण मानायचं?

अर्धंच. वॉरंट म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याचा हक्क. तो घेताना सहसा किमतीच्या २५ टक्केच भरावे लागतात, उरलेले १८ महिन्यांत. भाव वर राहिला तर ते पैसे भरून शेअर घेतात, पडला तर २५ टक्के सोडून बाजूला होतात. तुम्ही मात्र पहिल्या दिवशी १०० टक्के भरलेले असतात. शिवाय नवे शेअर आले की तुमचा वाटा कमी होतो. वेव्हच्या शेअरधारकांना वाट्यातली ही घट वर्षानुवर्षं सोसावी लागली, पाहा प्रश्न ४. ज्यांना वॉरंट दिले त्यांची नावं सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत असतात, ती वाचा.

११. कंपनीकडे पेटंट आहे. मग मक्तेदारीच की!

आधी 'आहे' म्हणजे काय ते बघा. अर्ज केला आहे, प्रसिद्ध झाला आहे, की मंजूर झाला आहे? अर्ज साधारण १८ महिन्यांनी आपोआप प्रसिद्ध होतो, त्यात परीक्षा पास झाल्याचं काही नसतं. मुंबईचं पेटंट कार्यालय अँटॉप हिलला आहे, पण तिथे जायची गरज नाही. भारतीय पेटंटांचा शोध ऑनलाइन मोफत करता येतो. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. आणि मंजूर पेटंट असलं तरी टीपीएम बनवणाऱ्याला त्याला वळसा घालता येतो का, हा खरा प्रश्न उरतोच.

१२. सरकारने नियम केला तर? सीसीटीव्हीच्या वेळी झालंच ना.

चांगला प्रश्न, कारण तिथे नियम खरोखर आला. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये सीसीटीव्हीसाठी सुरक्षेच्या अटी जाहीर केल्या आणि त्या ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या. कॅमेऱ्यातल्या चाव्या टीपीएम किंवा तत्सम सुरक्षित जागी असाव्यात, अशी अपेक्षाही त्यात आहे. लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदारालाही आता प्रमाणपत्राचं विचारलं जातं.

पण प्रमाणपत्र मॉडेलवार मिळतं आणि ते विकण्याची परवानगी देतं, गिऱ्हाईक देत नाही. नियमामुळे चिनी माल मागे पडला तर ती जागा मोठ्या उत्पादकांनीही घ्यायला सुरुवात केलेली असते. कंपनीचं कुठलं मॉडेल प्रमाणित आहे ते एसटीक्यूसी या सरकारी प्रमाणन संस्थेच्या यादीत शोधा. सापडलं नाही, तर नियमाचा फायदा अजून तिच्या दारात आलेला नाही.

१३. मोठ्या कंपनीच्या चिपमध्ये दोष सापडला तर आपल्या छोट्या कंपनीचं नशीब उघडेल का?

२०१७ मध्ये इन्फिनिऑनच्या चिपमधल्या आरएसए चाव्यांत गंभीर दोष सापडला, रोका या नावाने तो ओळखला जातो. अनेक लॅपटॉपांमधली टीपीएम त्यात सापडली. झालं काय, तर फर्मवेअरचे अपडेट आले, चाव्या नव्याने बनवल्या गेल्या आणि इन्फिनिऑन आजही या क्षेत्रात आहे. अशा वेळी ग्राहक दुरुस्ती मागतो, पुरवठादार सहसा बदलत नाही.

१४. कंपनीतल्या माणसाकडूनच कळलंय की मोठी ऑर्डर येते आहे. घेऊ?

नाही. खोटं असेल तर फसाल आणि खरं असेल तर अप्रकाशित माहितीवर व्यवहार केल्याचा ठपका येईल. सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांत माहिती देणाऱ्याबरोबर ती घेऊन व्यवहार करणाराही येतो, मग तो मेव्हणा असो की शाळेतला मित्र. टेलिग्रामवर 'आतली बातमी' विकणारा भेटला तर त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावर तपासा आणि संदेशाचे स्क्रीनशॉट जपून ठेवून सेबीकडे तक्रार करा.

१५. अमेरिकेतला असा छोटा शेअर मुंबईतून घेता येतो का?

येतो. परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत माणशी वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात. गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस (आगाऊ घेतलेला कर) कापला जातो, तो रिटर्न भरताना वळता होतो. परकी शेअर आयकर रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये दाखवावेच लागतात, नफा झालेला नसला तरी. अनेकांना हे ठाऊक नसतं. बाकी प्रश्न ३ ते ७ तिथेही जसेच्या तसे लागू.

१६. कंपनी दिवाळखोरीत गेली तर डीमॅटमधल्या शेअरचं काय होतं?

दिवाळखोरी संहितेत पैसे वाटपाचा क्रम ठरलेला आहे. प्रक्रियेचा खर्च, तारणावर कर्ज दिलेले धनको आणि कामगार, मग इतर देणी, आणि अगदी शेवटी सामान्य शेअरधारक. तिथवर बहुधा काही उरत नाही. नवा मालक आला तर मंजूर योजनेत जुने शेअर रद्दही होऊ शकतात. म्हणून 'कोणीतरी मोठा ग्रुप घेणार आहे' ही बातमी कंपनीसाठी चांगली असली तरी तुमच्यासाठी असेलच असं नाही.

शेअर नुसते पडून आहेत म्हणून करात तोटा धरता येत नाही, त्यासाठी ते विकले किंवा हस्तांतरित झालेले असावे लागतात. व्यवहार बंद होण्याआधी विक्रीची संधी मिळाली तर याचाही विचार करा. दीर्घ मुदतीचा भांडवली तोटा दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो आणि पुढे ८ वर्षं ओढता येतो, मात्र त्या वर्षाचं रिटर्न मुदतीत भरलेलं असेल तरच. शेअर रद्द झाले असतील तर प्रकरण वेगळं. तेव्हा योजनेची प्रत, खरेदीची काँट्रॅक्ट नोट आणि डीमॅटचं स्टेटमेंट घेऊन सीएकडे जा.